चला, बावन्नाव्या रस्त्यावर

मोबाइल घरीच ठेवा. खिशात थोडे सुटे डॉलर आणि एक लायटर असू द्या. सिगारेट ओढत नसलात तरी लायटर हवाच. कशाला, ते पुढे कळेल.

सन 2000 मधला न्यूयॉर्कचा ऑगस्ट आहे. पन्नासाव्या रस्त्याच्या भुयारी स्टेशनात गाडीतून उतरलात की गरम वाफ थेट तोंडावर येते. तापलेलं लोखंड, घाम आणि साचलेलं पाणी, सगळ्यांचा मिळून एक वास. भराभर जिना चढा. वर हॉट डॉगच्या गाडीवरून आंबवलेल्या कोबीचा दर्प येतोय, शेजारी साखरेच्या पाकात शेंगदाणे परततायत, टॅक्सीवाले भोंग्यावरचा हात काढत नाहीत. काळे टी-शर्ट दिसू लागले की समजा, आलात.

ही रांग रोझलँड बॉलरूमची. ड्रीम थिएटर हा बँड आज 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' हा आपला अल्बम अथपासून इतिपर्यंत वाजवणार आहे. अल्बम बाजारात येऊन वर्षही झालेलं नाही, पण रांगेला तो तोंडपाठ आहे. 1992 मध्ये या मंडळींनी 'मेट्रोपोलिस, भाग 1' नावाचं गाणं काढलं आणि दुसरा भाग कधी, म्हणून लोकांनी त्यांना भंडावून सोडलं. हा अल्बम म्हणजे तो दुसरा भाग. पुढचा पोरगा डिस्कमन कानाला लावून पोर्टनॉयचे ड्रम हवेतच बडवतोय. मागे दोघांची जुंपली आहे: कीबोर्डवर आलेला जॉर्डन रूडेस आधीच्यांपेक्षा सरस की नाही? बिनधास्त मध्ये तोंड घाला, कुणी परकं मानणार नाही.

आत शिरा. खाली लाकडी जमीन आहे, बसायला खुर्ची नाही. तीनेक हजार माणसं खांद्याला खांदा लावून उभी. प्लॅस्टिकच्या ग्लासातली बिअर कुणाच्या तरी हातून तुमच्या बाहीवर सांडतेच. रोझलँड मुळात नाचघर, आधी जवळच ब्रॉडवेवर होतं आणि तिथे लुई आर्मस्ट्राँग वाजवून गेलाय. हा अल्बम एक गोष्ट सांगतो, आणि ती 1928 मधली आहे. त्या वर्षी त्या जुन्या रोझलँडमध्ये जोडपी जॅझवर नाचत होती. हे मनात ठेवून उभे राहा, अंगावर काटा येईल.

दिवे जातात. घड्याळाची टिकटिक. संमोहनतज्ज्ञाच्या भूमिकेतला नट गोष्टीतल्या निकोलसला मागे, आणखी मागे नेतो. निकोलसला गेल्या जन्मातली व्हिक्टोरिया दिसते, तिचा खून झालाय, आणि पेपरात छापून आलेली हकिकत खरी नाही. मग बँड एकदम सुरू होतो, आणि मायुंगचा बेस कानांच्या आधी बरगड्यांना ऐकू येतो.

या संगीताला लोक गणिती म्हणतात. घरी हेडफोन लावून ऐकलं तर तसं वाटूही शकतं. इथे, या गर्दीत, 'द डान्स ऑफ इटर्निटी' ऐका. दर दोन-चार क्षणांनी ताल बदलतो. शेजारचा माणूस बोटांवर मात्रा मोजतोय, ओठ हलतायत, आणि तेवढ्यात समेनं त्याला चकवलंय. तो खदखदून हसतो. मध्येच रूडेस जुन्या दारूच्या गुत्त्यातल्या पियानोसारखा रॅगटाइम वाजवतो, जेमतेम काही क्षण. 1928 नुसतं डोकावून गेलं. पुन्हा गिटार अंगावर येते. तुम्ही मोजू नका, मान आपोआप हलेल तशी हलू द्या. या वादनातला आनंद खेळाचा आहे, पोरांनी जीव तोडून खेळावं तसा, आणि तो इतका खरा आहे की कसबाची धास्तीच वाटत नाही.

आता लायटर काढा. 'द स्पिरिट कॅरीज ऑन' सुरू झालंय, मंचावर गॉस्पेल गाणारा गायकवृंद येऊन उभा राहिलाय. मरणानंतर काय, एवढा साधा प्रश्न, आणि सूरही साधे. सगळा हॉल ज्योतींनी भरतो. लायटरचं चाक तापतं, अंगठा भाजतो. हात बदला, पण विझवू नका. समोरच्या दांडगट माणसाच्या मानेवरून घाम ओघळतोय, तो डोळे मिटून मोठमोठ्यानं गातोय, थोडा बेसूर. माझ्या मते या अल्बमचा जीव या गाण्यात आहे. आधीची सगळी गुंतागुंत इथवर आणून सोडण्यासाठीच होती.

शेवट काय होतो, ते सांगत नाही. आपल्या कानांनी ऐका. मग नुसती खरखर उरते आणि तुम्हाला वाटतं, संपलं. पाय दुखतायत, घशाला कोरड पडलीय, शर्ट पाठीला चिकटलाय. पण दाराकडे वळू नका. दुसरा भाग झाला, आता पहिला! 'मेट्रोपोलिस, भाग 1' सुरू झालंय, पाठोपाठ अजून तासाभराहून जास्त वाजणार आहे. भुयारी गाड्या रात्रभर चालू असतात. कोपरानं वाट काढा आणि पुढे सरका, गिटारवरची पेट्रुचीची बोटं दिसतील इतके पुढे.