गर्दी वाढली की यंत्रेही वाढतात!

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास अनेक मोठ्या कंपन्यांत एकच दृश्य दिसते. गेल्या आठवड्यातील विक्रीचा अहवाल पाहण्यासाठी शे-दीडशे जण एकाच वेळी संगणकासमोर बसतात आणि पडद्यावरचे चक्र नुसतेच फिरत राहते. दुपारी तोच अहवाल क्षणार्धात उघडतो. पूर्वी यावर उपाय एकच होता. सकाळच्या गर्दीला पुरेल एवढा सर्व्हर विकत घ्यायचा आणि उरलेला दिवस तो जवळपास रिकामा ठेवायचा. ‘स्नोफ्लेक’सारख्या क्लाऊडवरील डेटा प्लॅटफॉर्मनी ही सक्ती संपवली. मात्र ही सोय नीट बसवली नाही, तर महिनाअखेरीस बिल पाहून डोळे पांढरे होण्याची वेळ येते.

स्नोफ्लेकची स्थापना २०१२ मध्ये अमेरिकेत झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली. माहितीचा साठा आणि त्यावर आकडेमोड करणारी यंत्रे एकमेकांपासून अलग ठेवणे, हे या प्रणालीचे मर्म होय. आकडेमोड करणाऱ्या यंत्रांच्या समूहाला येथे ‘व्हर्च्युअल वेअरहाऊस’ म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे, कारण या ‘गोदामात’ कायमचे काहीच साठवलेले नसते. ते हवे तेव्हा सुरू करता येते आणि काम संपले की बंद करता येते. साठा जागच्या जागी राहतो.

वेअरहाऊसची क्षमता दोन प्रकारे वाढते आणि नवख्यांचा गोंधळ नेमका येथेच होतो. एकच प्रश्न गुंतागुंतीचा असल्याने उत्तरास वेळ लागत असेल, तर वेअरहाऊसचा आकार वाढवावा. प्रश्न साधेच, पण विचारणारे फार, अशी स्थिती असेल, तर त्याच आकाराचे आणखी क्लस्टर जोडावेत. रेल्वेच्या तिकीट खिडकीपुढील रांग खिडकी रुंद करून हटत नाही, जादा खिडकी उघडावी लागते, तसेच हे आहे. ही बहु-क्लस्टर सोय ‘एंटरप्राइज’ व त्यावरील आवृत्त्यांमध्येच मिळते. तेथेही ती आपोआप सुरू नसते. क्लस्टरची कमाल संख्या मुळात एकच ठरलेली असते, ती आपण वाढवायची असते.

वेअरहाऊस तयार करताना क्लस्टरची किमान आणि कमाल संख्या द्यावी लागते. दोन्ही आकडे सारखेच दिले, तर वेअरहाऊस सुरू होताच सर्व क्लस्टर चालू होतात. त्याला ‘मॅक्सिमाइज्ड’ पद्धत म्हणतात. किमान एक आणि कमाल चार असे वेगवेगळे आकडे दिले, की ‘ऑटो-स्केल’ पद्धत लागू होते आणि गर्दीनुसार क्लस्टर वाढतात वा घटतात. कधी वाढवायचे, याची धोरणे दोन आहेत. ‘स्टँडर्ड’मध्ये प्रश्न रांगेत अडकला वा अडकेल असे दिसले, की नवा क्लस्टर सुरू होतो. ‘इकॉनॉमी’मध्ये नव्या क्लस्टरला किमान सहा मिनिटे पुरेल एवढे काम असल्याचा अंदाज आल्यावरच तो चालू होतो. यात पैसे वाचतात, पण रांग सोसावी लागते. रात्री चालणाऱ्या कामांना दुसरे धोरण चालेल. वरिष्ठ अधिकारी अहवालाची वाट पाहत असतील, तर पहिलेच बरे.

आता पैशांचे गणित. वापर ‘क्रेडिट’मध्ये मोजला जातो. पहिल्या पिढीच्या वेअरहाऊसमध्ये सर्वांत लहान आकाराला तासाला १ क्रेडिट लागते आणि आकाराच्या प्रत्येक पायरीला हा दर दुप्पट होतो. म्हणजे ‘मीडियम’ला ४ क्रेडिट. असे चार क्लस्टर ‘मॅक्सिमाइज्ड’ पद्धतीने चालू असतील, तर तासाला १६. कोणी शुक्रवारी सायंकाळी सात वाजता ते तसेच सोडून गेले, आपोआप बंद होण्याची सोयही काढून टाकलेली असली, तर सोमवारी सकाळी नऊपर्यंतच्या ६२ तासांत ९९२ क्रेडिट खर्ची पडतात. तेही एकाही प्रश्नाचे उत्तर न देता.

म्हणूनच ‘ऑटो-सस्पेंड’ला महत्त्व आहे. आज्ञा लिहून वेअरहाऊस तयार केल्यास ही मुदत मुळात ६०० सेकंदांची असते. ती कमी करता येते, पण अतिरेक नको. आकारणी सेकंदाप्रमाणे होत असली, तरी प्रत्येक वेळी सुरू होताना किमान ६० सेकंदांचे पैसे लागतात. शिवाय वेअरहाऊस बंद झाले, की त्याने जवळ बाळगलेली तात्पुरती माहिती पुसली जाऊ शकते आणि पुढचा प्रश्न संथ चालतो. आणखी एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. आज्ञेत ‘इनिशिअली सस्पेंडेड’ असे नमूद केले नाही, तर वेअरहाऊस निर्माण होताच चालू होते आणि मीटरही.

खर्चाला लगाम म्हणून ‘रिसोर्स मॉनिटर’ लावता येतो. ठरलेली मर्यादा गाठली, की तो सूचना देतो किंवा वेअरहाऊस बंद करतो. मात्र ही कारवाई अगदी त्याच क्षणी होईलच असे नाही. त्यामुळे बंद करण्याची रेषा शंभर टक्क्यांऐवजी नव्वदवर आखणे शहाणपणाचे.

आणि कमाल संख्या किती ठेवावी? अंदाजपंचे चारचा आकडा लिहिण्यापेक्षा आधी दोन ठेवून आठवडाभर भाराच्या नोंदी पाहाव्यात. प्रश्न रांगेत थांबत असतील, तर तीन करावेत. नसतील, तर दुसऱ्याचीही गरज होती का, हे तपासावे.