मायस्थेनिया ग्रॅव्हिस

चेतातंतू व स्नायू यांच्या संधिस्थानी उद्भवणारा दीर्घकालीन विकार. चेतेचा संदेश स्नायूपर्यंत नेणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याची ग्राहके बहुसंख्य रुग्णांत त्यांच्याच रक्तातील प्रतिपिंडे निकामी करतात, आणि म्हणूनच श्रमाने वाढणारी व विश्रांतीने ओसरणारी दुर्बलता हे या व्याधीचे व्यवच्छेदक लक्षण ठरते. सकाळी तरतरीत असलेल्या माणसाच्या पापण्या सायंकाळी मिटू लागतात, एका वस्तूच्या दोन दिसतात, घास चावता चावता जबडा थकतो, वाणी गेंगाणी होते. अशा रुग्णास आळशी ठरविण्याचा जो अन्याय घरीदारी होतो, तो व्याधीइतकाच क्लेशकारक होय. १९३४ साली ग्रिनिच येथील रुग्णालयात मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मीन टोचून ही दुर्बलता काही काळ हटविता येते असे दाखविले; आजचे पायरिडोस्टिग्मीन त्याच वंशातले. याखेरीज स्टेरॉइडे, ॲझाथायोप्रीन आणि निवडक रुग्णांत थायमस ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया यांचा अवलंब करतात. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास मात्र रुग्णास तत्काळ रुग्णालयात दाखल करणे अत्यावश्यक असते. जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके ही दुर्बलता वाढवितात, सबब अन्य कोणत्याही दुखण्यासाठी वैद्याकडे जाताना रुग्णाने आपल्या व्याधीची इत्तिला आधी द्यावी.