आधी सुई, मग प्रवास: १८९७चा प्लेग आणि २०२१चा मे महिना

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)



आज सुरुवात एका तारखेपासून करू. २८ एप्रिल २०२१, दुपारचे चार. १८ ते ४४ वयोगटासाठी को-विनवर नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी देशभरातून १ कोटी ३० लाखांहून जास्त लोकांनी नाव टाकलं. तुम्हीही असाल त्यात. ओटीपी येत नव्हता, आला तर पान पुढे सरकत नव्हतं. आणि एवढं करून नोंदणी झाली तरी स्लॉट कुठाय? पिनकोड टाका, जिल्हा टाका, सगळीकडे लाल रंगात एकच शब्द: बुक्ड.

मी तेव्हा कामरगावला घरी होतो. कारंजा तालुका, वाशीम जिल्हा. नोकरी पुण्यात, पण लॅपटॉप ओसरीत. लशीचा आणि प्रवासबंदीचा राग मी आधी घरात बसून पाहिला, मग एका रांगेत उभा राहून. त्या रांगेची गोष्ट शेवटी सांगतो. आधी सव्वाशे वर्षं मागे जाऊ, कारण २०२१ मध्ये आपल्याला अडवणारा कायदा तिथूनच आलाय.

चार कलमांचा कायदा

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. शहराची लोकसंख्या तेव्हा आठ लाखांच्या वर. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई गाव गाठायला निघाली. तेव्हा रेल्वे होतीच. मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी आपल्या वऱ्हाडातूनच जायची. माणसं त्या गाड्यांत बसली, आणि माणसांबरोबर प्लेगही.

मग सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा केला. जेमतेम चार कलमांचा. वाचायला पाच मिनिटं लागत नाहीत. त्यात काय होतं? साथ आली की सरकारला वाटेल ते तात्पुरते नियम करता येतील. रेल्वेने किंवा दुसऱ्या मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करता येईल, संशयिताला वेगळं ठेवता येईल. नियम मोडला तर शिक्षा. आणि चौथं कलम: सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही.

आता एक गोष्ट पाहा. या कायद्यात सरकार काय करू शकतं ते आहे. सरकारने लोकांना काय द्यायला पाहिजे, यावर एक ओळ नाही. औषध नाही, माहिती नाही, तक्रार कुठे करायची तेही नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी नियम निघाले ते याच कायद्याखाली.

पुण्यात काय झालं

पुण्याची गोष्ट शाळेत थोडी शिकलोय आपण. प्लेग कमिटीचा प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड. मार्च ते मे १८९७ या काळात गोरे सैनिक घराघरात शिरून झडती घेत होते. रोगी सापडला की दवाखान्यात, घरचे छावणीत, सामान जाळायला. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची खोली, काही सोडलं नाही अशा तक्रारी होत्या.

तक्रार करणाऱ्याचं काय व्हायचं, तेही ऐका. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांच्या वागण्याबद्दल तिथल्या पेपरात आरोप केले. परत आले तर पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. तोवर २२ जून १८९७ झालेला होता. राणी व्हिक्टोरियाच्या राज्याच्या साठ वर्षांचा समारंभ संपवून निघालेल्या रँडवर दामोदर चाफेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला. रँड ३ जुलैला वारला. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली.

हे सगळं आपण स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचतो, आणि ते तिथलं आहेच. पण ही साथीच्या नियमांवरच्या रागाचीही गोष्ट आहे. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. म्हणजे रोग खोटा आहे असं पुणेकर म्हणत नव्हते. रोग डोळ्यासमोर होता. भांडण होतं ते दारात उभ्या राहणाऱ्या सरकारशी.

लस होती, भरवसा नव्हता

आणि या सगळ्यात लससुद्धा होती! हे मला बरंच उशिरा कळलं.

वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम करत होता. एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. तेवढ्यावर त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःलाच टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर चाचणी झाली आणि लस उपयोगी आहे हे दिसलं.

मग रांगा लागल्या का? नाही. बहुतेक लोक लांबच राहिले. दवाखान्यात माणसाला मारून मोमियाई काढतात, टोचलं की माणूस मरतो, अशा अफवा होत्या. आपण आज हसू, पण त्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. काल ज्या सरकारने घरात शिपाई घुसवला, तेच सरकार आज सुई घेऊन आलंय. विश्वास का ठेवायचा?

हळूहळू सरकारने एक युक्ती काढली. लस घेतलेल्याला दाखला मिळायचा. तो दाखला असला की छावणीच्या आणि प्रवासाच्या काही जाचक नियमांतून सूट. ओळखीचं वाटतंय ना? व्हॅक्सिन सर्टिफिकेट १८९८ चंच आहे, क्यूआर कोड तेवढा नवा.

कुठे कुठे ते चाललंही. हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात होती, पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. १८९८ मध्ये तिथे पस्तीस हजारांहून जास्त लोकांनी टोचून घेतलं. मुंबईत खोजा समाजाचे आगाखान, वय जेमतेम वीस, सगळ्यांसमोर स्वतः टोचून घ्यायला पुढे आले, एकदा नाही, अनेकदा. त्यांच्या मागे हजारो खोजांनी लस घेतली. त्याच मुंबईत ९ मार्च १८९८ ला प्लेगच्या तपासणीवरून मोठी दंगल उसळली. एकच शहर, एकच रोग. जिथे आपला माणूस आधी बसला तिथे लोक बसले. जिथे परका दार वाजवत आला तिथे दगड उचलले.

भरवसा तुटायला वेळ लागत नाही हेही दिसलं. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबात मुल्कोवाल नावाच्या गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळ्यांना एकाच बाटलीतून टोचलं होतं. दोष हाफकिनवर आला, त्याचं काम गेलं, आणि १९०७ च्या सुमारास तो निर्दोष ठरला. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. तीच आपली हाफकिन संस्था.

आता २०२१, आणि आपला जिल्हा

फेब्रुवारी २०२१. दुसरी लाट महाराष्ट्रात आधी विदर्भात जाणवायला लागली. अमरावतीत २२ फेब्रुवारीपासून लॉकडाऊन. आपल्या जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेच्या वर विद्यार्थी पॉझिटिव्ह. मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी राज्यभर गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी जाहीर केलेली. आणि २३ फेब्रुवारीला मानोरा तालुक्यात पोहरादेवीला तेव्हाचे मंत्री संजय राठोड आले तेव्हा हजारोंची गर्दी. नंतर गुन्हे दाखल झाले. पण गावागावात लोकांनी व्हिडिओ पाहिला होता. ज्याच्या घरचं लग्न पन्नास माणसांत उरकलं होतं त्याला काय वाटलं असेल? माझ्या मते आमच्याकडे नियमांची किंमत त्या एका दिवसात जेवढी उतरली तेवढी कुठल्या अफवेने उतरली नाही.

मग २२ एप्रिलपासून जिल्ह्याबाहेर जायचं तर ई-पास. दवाखाना, मयत, अत्यावश्यक काम असेल तरच. १ मेपासून १८ ते ४४ ची लस, पण जिल्ह्यात मोजकीच केंद्रं. ११ मेला आरोग्यमंत्री राजेश टोपेंनी सांगितलं की या गटाचं लसीकरण थांबवतोय, उरलेले कोव्हॅक्सिनचे सुमारे पावणेतीन लाख डोस ४५ च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोससाठी वापरणार. १३ मेला केंद्राने कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. आधी ते सहा ते आठ होतं. त्यामागे वैद्यकीय कारण दिलं होतं. पण ज्याला उद्याचा डोस मिळणार होता त्याने काय ऐकलं? "माल संपला."

१८९७ मध्ये लस होती, भरवसा नव्हता. २०२१ मध्ये भरवसा होता, लस नव्हती.

ती रांग

आता माझी गोष्ट. मे महिन्याचा पहिला आठवडा. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर काही सेकंदांनी को-विन तपासायची आणि जागा दिसली की मोबाइल वाजवायची. लिहायला अर्धा तास लागला. तिसऱ्या दिवशी स्लॉट मिळाला, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गावात.

गंमत बघा. एका सरकारी नियमाने जिल्ह्याबाहेर जायचं नाही, आणि दुसऱ्या सरकारी वेबसाइटने देशात कुठेही स्लॉट घ्या. नाक्यावर हवालदाराने माझा मेसेज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. लस घ्यायला जाणं अत्यावश्यक की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं. "जा, पण लवकर ये," म्हणाला.

केंद्रावर पोचलो तर बाहेर गाड्या. एमएच २७, एमएच ३०, एमएच ३१, आणि माझी एमएच ३७. यादीत नाव असलेले बहुतेक सगळे शहरातले, हातात मोबाइल. झाडाखाली गावातली माणसं उभी. त्यांच्यातले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. नातू माझ्याच वयाचा असेल. त्याचं नाव यादीत नव्हतं. आजोबांनी मला विचारलं, "कोन्या गावचे बाप्पा तुमी?"

म्हटलं, "कामरगावचा, आबाजी."

"मंग तुमची सुई तुमच्या गावात नाई का? आमच्या गावची सुई आमालेच भेटून नाई राह्यली, अन् तुमी गाड्या घेऊन येऊन राह्यले."

मला काही उत्तर सुचलं नाही. मी आत गेलो आणि लस घेतली. हो, घेतली. अर्धा तास बसवतात ना, त्या अर्ध्या तासात मी खिडकीतून झाडाकडे बघायचं टाळत होतो.

पुढे खूप दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी कुठलाच नियम मोडला नाही. ते खरंच आहे. पण ती व्यवस्था माझ्यासारख्यासाठी बनलेली होती. इंग्रजी वाचणारा, नेट असलेला, दिवसभर स्क्रीनसमोर बसलेला. ज्याच्याकडे साधा फोन आहे, जो सकाळी वावरात जातो, तो बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोरच नव्हता. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हे करतो. सगळे युजर आपल्यासारखेच असतात असं धरून चालतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात हाच प्रश्न केंद्राला विचारला: ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं? त्याआधी, २४ मेला, सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीला परवानगी मिळाली होती. २१ जूनपासून १८ च्या वरच्या सगळ्यांसाठी केंद्राने राज्यांना लस मोफत द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबरमध्ये हर घर दस्तक, म्हणजे नर्सताई आणि आशाताई दारात. मधल्या काळात मी ओसरीत बसून गल्लीतल्या लोकांची नावं टाकत होतो. एका नंबरवर चार माणसं बसायची, म्हणून शेजाऱ्यांचे फोन मागून आणायचो.

तिकडे मुंबईत १५ ऑगस्टपासून दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांना लोकलचा पास. म्हणजे पुन्हा तेच: आधी सुई, मग प्रवास. पण दुसऱ्या डोसचं अंतर वाढलेलं. कामावर जायला लोकल पाहिजे, लोकलला दोन डोस पाहिजेत, आणि दुसरा डोस तीन महिन्यांनी.

शेवटी

१८९७ आणि २०२१ सारखे नाहीत. तेव्हा परकं सरकार होतं, बंदूक होती. आता मत देऊन निवडलेलं सरकार होतं, कोर्ट होतं, आणि आशाताई आपल्याच गावच्या होत्या. पण दोन्ही वेळा राग एकाच ठिकाणी पेटला: फिरायची मोकळीक ज्या कागदावर अवलंबून, तो कागद मिळवायची वाट सगळ्यांना सारखी नव्हती. आणि दोन्ही वेळा तो निवळला तो दंडाने नाही. हुबळीत, खोजांमध्ये, आमच्या गल्लीत, कोणीतरी ओळखीचं माणूस जवळ येऊन बसलं तेव्हा निवळला.

पुढची साथ कधी येईल मला माहीत नाही. पण तेव्हाचं ॲप कदाचित आपल्यापैकीच कोणी लिहीत असेल. लिहिताना ते झाड आठवा, एवढंच. त्या आबाजींच्या नातवाला लस कधी मिळाली, मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

आज घरी एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, त्यांची पहिली लस कुठे झाली आणि फोनवर नाव कोणी टाकलं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.