महावीराचार्यांची आकड्यांची माळ



पर्युषणाच्या आधीच्या आठवड्यात माझी भाची चार दिवस राहायला आली होती. सातवीत आहे. दप्तरात पूर्णांक संख्यांच्या गुणाकाराची चाळीस उदाहरणे घेऊनच आली. मी मूग निवडत बसले होते, ती शेजारी पाट घेऊन वही उघडून बसली. वीस उदाहरणे झाली, त्यातली आठ चुकली. चुकली ती येत नव्हती म्हणून नाही, कंटाळा आला म्हणून. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मावशी, ऋण म्हणजे कर्ज ना गं? मग कर्ज गुणिले कर्ज केलं की माणूस श्रीमंत कसा होतो?"

मला उत्तर देता येईना. आमच्या वेळी पाठच केले होते, ऋण ऋण धन. तिलाही तेच सांगितले गेले होते. पण प्रश्न खरा होता, आणि असल्या प्रश्नाला गप्प केले की मुलगी गणितातून उठते, हे मी घरातच पाहिले आहे.

माझ्या सासऱ्यांच्या लोखंडी कपाटात 'गणितसारसंग्रह'ची एक प्रत आहे. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत १९६३ साली छापलेली, लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह. आजवर मी तिची फक्त धूळ झटकत आले होते. त्या दुपारी पहिल्यांदा उघडली.

ग्रंथकर्ते महावीराचार्य. आपल्या तीर्थंकरांचेच नाव, पण हे नवव्या शतकातले दिगंबर पंडित. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या राजवटीत, साधारण ८५० च्या सुमारास त्यांनी हा ग्रंथ लिहिला. राष्ट्रकूट म्हटले की आपल्याला लांब जावे लागत नाही. वेरुळचे कैलास लेणे त्याच घराण्यातल्या कृष्णराजाच्या काळातले, आणि ३० ते ३४ क्रमांकाची आपली जैन लेणी, इंद्रसभा, जगन्नाथसभा, छोटा कैलास, ही नवव्या-दहाव्या शतकाच्या आसपासची. राजधानी मात्र मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले आजचे मळखेड. मी लेण्यांशी नाते सांगते ते राजघराण्याचे, ग्रंथकाराचे नाही; महावीराचार्य वेरुळला बसून गणिते सोडवत होते असे कुणी व्हॉट्सॅपवर पाठवले तर पुढे पाठवू नका. पण इंद्रसभेतले छिन्नीचे काम आणि हा ग्रंथ एकाच काळच्या हवेतले आहेत एवढे नक्की. अमोघवर्षाचे गुरू आचार्य जिनसेन, आदिपुराणाचे कर्ते. राजसभेत धर्म, काव्य आणि हिशेब एकत्र नांदत होते.

तोवर आपल्याकडे गणित बहुधा ज्योतिषाच्या ग्रंथात एखाद-दुसरा अध्याय म्हणून यायचे. हा ग्रंथ निव्वळ गणिताचा, अकराशेच्या आसपास श्लोकांचा. सुरुवातीला भगवान महावीरांना वंदन, आणि मग गणित कुठे कुठे लागते याची मोठी यादी. त्यात संगीत आहे, नाटक आहे, वैद्यक आहे, घरबांधणी आहे आणि स्वयंपाकशास्त्रही आहे! मुगाचे ताट बाजूला सरकवून मी ते भाचीला वाचून दाखवले. तिला फारसे काही वाटले नाही. मला वाटले.

तिला आवडले ते पुढचे. गुणाकाराच्या सरावासाठी महावीराचार्य नुसते आकडे टाकत नाहीत. जिनमंदिरे आणतात, कमळे आणतात, माणके आणतात. एका मंदिरात १३९ पुष्कराज वाहायचे, तर १०९ मंदिरांत किती? धूळपाटीवर बोटाने मांडून सोडवणाऱ्या शिष्याला उत्तर मिळते १५१५१. उलटे वाचा, सुलटे वाचा, तेच. दोन्ही बाजूंनी सारखी, गळ्यातल्या माळेसारखी. अशा उत्तरांना त्यांनी कंठाभरण, राजकंठिका अशी दागिन्यांचीच नावे दिली आहेत. १,५२,२०७ ला ७३ ने गुणले की आठ एक ओळीने, १,११,११,१११. १४,२८,५७,१४३ ला ७ ने गुणले की दोन टोकांना एक आणि मध्ये आठ शून्ये. १,२३,४५,६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक.

हे नुसते गमतीचे वाटते, पण सात-आठ उदाहरणे झाल्यावर माझ्या लक्षात आले की यात शिकवणाऱ्याची मोठी हुशारी आहे. हातचा चुकला की माळ तुटते. ११११२१११ आले की मुलीला स्वतःलाच दिसते की कुठेतरी मणी चुकीचा ओवला गेला. मागच्या पानावरची उत्तरे नकोत, लाल पेन नको. आमच्या बाईसाहेबांचे दोनदा चुकले, दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता स्वतःच परत मागे गेल्या. ज्या मुलीने चाळीस उदाहरणांना नाक मुरडले होते तिने जेवणाआधी अकरा लांबलचक गुणाकार केले. शेवटच्या माळेत एक भर मी घातली: ९ ऐवजी ६३ घे. उत्तर आले ७७,७७,७७,७७७. मग घरातल्या प्रत्येकाला "तुमचा आवडता आकडा सांगा" सुरू झाले. सांगितलेल्या आकड्याला ९ ने गुणायचे आणि त्याने १,२३,४५,६७९ ला. मिक्सर दुरुस्तीला आलेल्या काकांनाही सुटका नव्हती.

पण माळ आकडे तपासते, चिन्ह तपासत नाही. श्रीमंतीचा प्रश्न तसाच होता.

धन आणि ऋण हे शब्द महावीराचार्यांचे नव्हेत, त्याहून जुने. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ऋण संख्यांच्या बेरजेचे, गुणाकाराचे नियम लिहिले, तेव्हाच शब्द बाजारातून घेतलेले होते. महावीराचार्यांनी तेच नियम आपल्या शिष्यांसाठी थोडक्यात मांडले: धन आणि ऋण एकत्र आले की वजाबाकी करा, दोन ऋणांचा गुणाकार धन, ऋणाचा वर्गही धन. आणि वर पुढचे पाऊल टाकले, की ऋण संख्या ही कशाचाच वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही. हे इतक्या स्पष्टपणे त्यांच्या आधी कुणी लिहिलेले दिसत नाही. एके ठिकाणी मात्र ते चुकले. संख्येला शून्याने भागले तरी ती तशीच राहते असे त्यांनी लिहिले आहे. भाचीला हे कळल्यावर ती फार खूश झाली, "एवढ्या मोठ्या माणसाचंही चुकलं?" चुकले. पुस्तकातले सगळेच आजही बरोबर आहे असे सांगून मी त्यांचा मान वाढवणार नाही.

नियम वाचून तिचे समाधान झाले नाही. मग मीच दुकानाची वही काढली. आपल्या घरात जमा आणि नावे हे शब्द मुले बाराखडीबरोबर ऐकतात, त्याचा उपयोग का करू नये? म्हटले, "समज, तुझ्याकडे दर महिन्याला ३०० रुपये देणे निघते. ते झाले ऋण ३००. शेटजींनी त्यातले ५ महिने खोडून टाकले. खोडले म्हणजे काढून घेतले, म्हणून ऋण ५. आता सांग, तुझी परिस्थिती सुधारली की बिघडली?" तिने वहीकडे पाहिले. "सुधारली. पंधराशेने." थोडे थांबून म्हणाली, "म्हणजे कर्ज गुणिले कर्ज नाहीच ते! एक कर्ज आहे आणि एक काढून घेणं आहे." मूग कधीचे भिजत घालायचे राहिले होते, पण या वाक्यावर मी त्यांची पर्वा केली नाही.

बेरीज-वजाबाकीसाठी आम्ही चिंचोके फोडले. पूर्वी आजी फोडलेले चिंचोके फाशांसारखे टाकून खेळायची तसेच. पांढरी बाजू वर आली तर धन एक, तपकिरी आली तर ऋण एक. एकदम सात टाकायचे. पांढरा-तपकिरी जोडी लागली की शून्य, बाजूला काढा, उरले ते तुमचे. जमिनीवर खडूने शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा घरे आखली. ऋण चारवर असताना ऋण तीन पडले की ती ओरडायची, "बुडाले!" आणि सातव्या घरात जायची. पर्युषणात पूर्वी आपल्या गुजरात-राजस्थानच्या घरांतून ज्ञानबाजीचा पट मांडायचे, त्यात ८४ घरे, शिडीने वर आणि सापाने खाली. चढणे-उतरणे फाशाच्या दानाने, पण साप कुठल्या कर्माचा हे घरावर लिहिलेले असे. आणि आनुपूर्वीची पुस्तिका तर तुमच्या-माझ्या सामायिकाच्या आसनाखाली असतेच. १ ते ५ आकडे उलटसुलट मांडलेले, सहा ओळींचे वीस कोठे, एकूण १२० ओळी. आकडा दिसेल ते नवकाराचे पद म्हणायचे. मन भटकले की पद चुकते. आकड्यांनी मन जागेवर ठेवायची युक्ती आपल्याकडे बायकांच्या हातात कायम होती, फक्त तिला कुणी गणित म्हटले नाही.

शेवटच्या रात्री तिघींनी मिळून महावीराचार्यांचे व्यापाऱ्यांचे कोडे खेळलो. तीन व्यापारी, वाटेत पडलेली थैली. पहिला म्हणतो, थैली मला मिळाली तर तुम्हा दोघांच्या मिळून दुप्पट माझ्याकडे होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तिप्पट. तिसरा, पाचपट. कुणाकडे किती आणि थैलीत किती? माझी जाऊबाई पहिला व्यापारी, मी दुसरी, भाची तिसरी. चिंचोके वाटून, परत घेऊन, पुन्हा वाटून पाऊण तास गेला. शेवटी जमले: १, ३ आणि ५, थैलीत १५. सूत्राने पाच मिनिटांत सुटले असते, पण त्या पाऊण तासात तिने किती बेरजा आणि गुणाकार केले ते मी मोजत होते. साठाच्या पुढे गेल्यावर सोडून दिले.

या ग्रंथाचे तेलुगू रूपांतर अकराव्या शतकातच पावुलूरि मल्लनाने केले. इंग्रजी अनुवाद रंगाचार्यांनी केला, तो १९१२ साली मद्रासला छापला गेला. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटणादेवी लागते, तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याची नोंद आहे. लीलावतीचे नाव मराठी घराघरांत माहीत आहे. महावीराचार्य तिच्या तीनशे वर्षे आधीचे, आणि आपल्याच पाठशाळेतल्या मुलींना त्यांचे नाव ठाऊक नाही. आमच्या पाठशाळेत मी पुढच्या रविवारी चिंचोके आणि ही प्रत घेऊन जाणार आहे.

परवा भाचीचा फोन आला. १४३ ला ७ ने गुणले की १००१ येतात हे तिला सापडले होते, त्यावरून तिने स्वतःची माळ बनवली: १४३ गुणिले ७७७, उत्तर सहा एक. वर्गातल्या मैत्रिणींना ती दोन्ही आकड्यांच्या मागे ऋण चिन्ह लावून देते आणि उत्तराचे चिन्ह कोणते ते कारणासकट विचारते.