बेंझेड्रीन आणि ब्रॅडली-गृहातील तीस मुले

जुन्या औषधाचा नवा उपयोग सापडला की त्याला योगायोग म्हणण्याचा प्रघात आहे. चार्ल्स ब्रॅडली यांच्या १९३७ सालच्या शोधाबद्दलही असेच सांगितले जाते. वस्तुतः तेथे योगायोगाचा वाटा मर्यादितच होता.

मेंदूच्या दाहाने कायमची पंगू झालेली एमा ही जॉर्ज ब्रॅडली यांची एकुलती कन्या. त्यांच्या मृत्युपत्रानुसार अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १९३१ साली तिच्या नावे बालरुग्णांसाठी एक गृह उघडले. चार्ल्स हे ह्याच घराण्यातले. मज्जाविकार वा वर्तनविकार असलेली मुले तेथे महिनोन्‌महिने राहत. शाळाही तेथेच भरे.

मेंदूची रचना पाहण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातून द्रव काढून त्या जागी हवा भरीत व क्ष-किरण चित्र घेत. ह्या परीक्षेनंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. बेंझेड्रीनने तो द्रव लवकर भरून येईल, ह्या अपेक्षेने ब्रॅडलींनी ते दिले, असे नंतरच्या वृत्तान्तांतून कळते. हे औषध तोवर चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी हुंगले जात असे. १९३५ पासून अनावर झोपेच्या विकारावरही ते देऊ लागले होते. डोकेदुखी फारशी हटली नाही. मात्र काही मुले अभ्यासाला मन लावून बसू लागली, आणि हे शिक्षकांच्या ध्यानी आले. शाळा आवारातच नसती, तर ही गोष्ट कोणाच्या नजरेस पडली असती?

पुढे ५ ते १४ वर्षांच्या ३० मुलांना आठवडाभर औषध देऊन आधीच्या व नंतरच्या आठवड्यांशी तुलना करण्यात आली. १४ मुलांच्या अभ्यासात ठळक सुधारणा दिसली. औषध थांबताच ती ओसरली. उत्तेजक द्रव्याने चंचल मूल शांत व्हावे, हे ब्रॅडलींनाही विपरीतच वाटले. तथापि त्या प्रयोगात निष्क्रिय गोळी देऊन पडताळा घेतलेला नव्हता, आणि ज्या वेदनेतून हे सारे उद्भवले, ती सोसणारी मुले स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नव्हती, हेही इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

ह्या निष्कर्षाकडे सुमारे दोन दशके फारसे कोणी वळले नाही. अमेरिकन मनोवैद्यकावर तेव्हा मनोविश्लेषणाचा पगडा होता. पुढे मेथिलफेनिडेट आल्यावर उत्तेजकांचा बालकांमधील वापर वाढला. लक्षणे दबल्याने विकाराचे मूळ कारण झाकले जाईल, म्हणून हे औषध सरसकट देऊ नये, असा इशारा ब्रॅडलींनी मात्र १९३७ च्या त्याच निबंधात देऊन ठेवला होता.