जळगावातला छापखाना

1887 साली जळगावातून ‘काव्यरत्नावली’ हे मासिक निघू लागलं. त्यात कवितेशिवाय दुसरं काही नसे. मुंबई-पुण्यापासून दूर, कापसाच्या पेठेत नारायण नरसिंह फडणीस यांनी हा उद्योग मांडला आणि कित्येक वर्षं नेटानं चालवला. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या. 1907 साली फडणीसांच्याच पुढाकारानं जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेला, अवघ्या 17 वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोमरे तिथे उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. हा प्रसंग मराठीच्या प्रत्येक मास्तरानं वर्गात सांगितलेला आहे.

त्याच जळगावात तेव्हा असोद्याहून सासरी आलेली 27 वर्षांची बहिणाबाई चौधरी नांदत होती. संमेलनाच्याच वर्षी तिचा सोपान जन्मला. ती जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी रचत होती. संमेलनाचा मांडव तिच्या घरापासून किती लांब असणार? पण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तिच्या बोलीत जळगावचं ‘जयगाव’ होत असे. फडणीसांना दोष देण्यात अर्थ नाही. संपादकाकडे कविता टपालानं येते. जात्यावरचं गाणं टपालात पडत नाही.

बालकवींचा निर्झर आणि फुलराणी छापखान्यातून महाराष्ट्रभर गेली. बहिणाबाईचं रान वेगळं होतं. त्यात पेरणी, मळणी, मोट, सुगरणीचा खोपा. म्हणजे कामाला जुंपलेला निसर्ग. मला खानदेश या दुसऱ्या रानात जास्त ओळखीचा वाटतो.

बरं, इतिहास गोळा करणारी माणसं इथे नव्हती असंही नाही. 1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पूर्वचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळे. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं जमवली. गावोगाव फिरून दप्तरं शोधणारे इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच महिन्यात तिथे त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. ही माणसं माळ्यावरचा, उंदरांनी कुरतडलेला कागदसुद्धा सोडत नसत. पण आधी कागद तर हवा!

गंमत म्हणजे जळगावच्या छापखान्यावर बहिणाबाईची एक कविता आहे आणि त्यात मालकाचं नाव नानाजी येतं. हे नानाजी मला तरी फडणीसांहून वेगळे वाटत नाहीत. ‘काव्यरत्नावली’च्या संपादकानं तिला कधी पाहिलं नसेल, तिनं मात्र त्याचं यंत्र नीट पाहून ठेवलं होतं. छापलेलं कुणाला कळतं आणि न छापलेलं कुणाला, हेही तिनं त्या कवितेच्या शेवटी सांगून टाकलं आहे.

सोपानदेव मोठे होऊन स्वतः कवी झाले. त्यांनी आणि मावसभावानं आईची गाणी जमेल तशी उतरवून घेतली. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. म्हणजे गावात कवितेचं मासिक सुरू झाल्यावर 65 वर्षांनी.

आणि तेही मुलगा कवी निघाला म्हणून. शेजारच्या जात्यावर दळणाऱ्या बायकांचे मुलगे जिनात कामाला होते, शेतावर होते.