वाकळ, अपुरी : जीर्णोद्धार

सातारा-सांगली भागात जुन्या लुगड्यांच्या व धोतरांच्या घड्या एकावर एक अंथरून हाताने शिवलेल्या पांघरुणाला गोधडी किंवा वाकळ म्हणतात. शिवणारीची नजर कमी झाली, चिंध्या अपुऱ्या पडल्या किंवा विकतच्या चादरी आल्या, की वाकळ अर्धीच घडी करून ट्रंकेत जाते. पुढच्या पिढीच्या हाती येते ती अशी : कडेने काही फेरे झालेले, मधला भाग मोकळा, एखादा कोपरा तिरका, पृष्ठावर झोळ.

अशी वाकळ पुरी करायची तर प्रथम ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंगाच्या पक्केपणाची परीक्षा घ्यावी. लाल आणि काळा विशेष तपासावा. विरलेल्या जागी आतून मऊ, वापरलेल्या सुती कापडाचे ठिगळ द्यावे. नवे ताठ कापड जुन्या धाग्याला ओढून फाडते. पॉलिस्टर दोराही काचतो, म्हणून सुतीच घ्यावा. झोळ कापू नये, बारीक चुणीत दाबून घ्यावा.

नंतर वाकळ सपाट जमिनीवर ताणून, कडांवर वजने ठेवून, लांब कच्च्या टाक्यांनी सगळे थर टाचतात. धावदोरा मूळ फेऱ्यांना समांतर, बाहेरून मध्याकडे चौकोनी घेतात. टाके जुन्याइतकेच लांब ठेवावेत. आधीचे वाकडे टाके उसवून सरळ करणे हा मोठाच अन्याय, कारण त्या हाताची तेवढीच खूण उरलेली असते. तिरका कोपरा गोटाच्या रुंदीत सामावतो. घटस्थापनेपूर्वी घरोघरी गोधड्या आपटून धुतात. ही वाकळ मात्र न पिळता सावलीत आडवी वाळवावी.